रद्द केलेले गुण

लॅबमध्ये मला सगळे 'रिपीट' म्हणतात. आधी पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणायला लागले, आणि आता वरून फोन आला तरी 'जरा रिपीटला बोलवा' असंच ओरडतात. कारण साधं आहे. यंत्राने आकडा दिला की बाकीचे तो लिहून मोकळे होतात. मला आकडा पटला नाही तर मी रक्ताची नळी यंत्राला परत लावते. पुन्हा तोच आकडा आला तर थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघते. तरीही मन खात असेल तर नमुना बाद करते आणि नवीन रक्त मागवते. यावरून वॉर्डातल्या नर्सेस मला शिव्या घालतात, कारण पेशंटला पुन्हा टोचायचं त्यांनी, नातेवाइकांची बोलणी खायची त्यांनी, आणि मी आपली तळमजल्यावर पंख्याखाली बसून नियम सांगणार. घालोत बापड्या. चुकीच्या रिपोर्टपेक्षा रिपोर्ट नसलेला बरा, हे मला माझ्या पहिल्या वरिष्ठांनी शिकवलं आणि तेरा वर्षांत ते मला एकदाही नडलं नाही.

चौदाव्या वर्षी नडलं, ते सांगते.

आमच्याकडे रिपोर्टखाली सही डॉक्टर मॅडमची असते. मोजणार मी, तपासणार मी, शंका काढणार मी, आणि सही त्यांची. नियमच तसा आहे. पदव्युत्तर पदवी असल्याशिवाय सही करता येत नाही, आणि मी पदवीवर थांबलेली. मॅडम स्वभावाने चांगल्या आहेत. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान आहेत आणि मला 'तुम्ही' म्हणतात. तीन वर्षांपूर्वी एका शाळकरी मुलीच्या रक्तात मला विचित्र पेशी दिसल्या. साधा ताप म्हणून तिघांनी ती काच बाजूला ठेवली होती. मी ती मॅडमपुढे नेली, त्यांनी बघितली, वर फोन केला, आणि मुलीचे उपचार वेळेवर सुरू झाले. आठ-नऊ महिन्यांनी ती मुलगी आईवडिलांबरोबर भेटायला आली. डोक्यावर नव्याने उगवलेले केस, हातात फुलं. फुलं मॅडमना. मॅडमनी माझ्याकडे बोट दाखवलं तेव्हा तिचे वडील माझ्याकडे बघून हसले, दार उघडून धरणाऱ्याकडे बघून हसतात तसे, आणि परत मॅडमशी बोलू लागले. खोटं कशाला बोलू, मला राग आला. फुलांचा नाही, सहीचा. त्याच आठवड्यात मी प्रवेशपरीक्षेचा फॉर्म भरला.

नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी विद्यापीठात पदव्युत्तर पदवीचा संध्याकाळचा वर्ग असतो. त्यासाठी ही परीक्षा. कुठल्याही शाखेचे पदवीधर असा, पेपर एकच. संगणकावर, चार भागांचा. रक्ताचा त्यात एक थेंब नाही. भाषा, तर्क आणि गणित, तेही एकमेकींना ओलांडणाऱ्या आगगाड्यांचं आणि गळक्या टाक्यांचं. प्रवेशाला एकशे साठ गुण लागतात, आणि जन्मात संधी तीनच. पहिल्या वेळी मला एकशे सदतीस पडले. दुसऱ्या वेळी एकशे सत्तावन्न. हातातोंडाशी आलेला घास तीन गुणांनी गेला तेव्हा मी दोन दिवस रजा टाकून पडून राहिले. मग उठले आणि पहिल्या पानापासून परत सुरुवात केली. वय एकोणचाळीस.

घरात मी आणि आई. आई शाळा सातवीपर्यंत शिकलेली, पण माझ्या सरावाची पर्यवेक्षक तीच. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मी कागद घेऊन बसायचे आणि ती घड्याळ घेऊन समोर. वेळ संपली की 'पेन खाली' म्हणायची, आणि माझं एक उत्तर राहिलं असलं तरी ऐकायची नाही. गुडघे धरलेले असताना दोन वर्षं घरातलं सगळं तिने केलं, मला एका भांड्याला हात लावू दिला नाही. शेजारणीने विचारलं तर सांगायची, मुलगी रिपोर्टवर सही करणार आहे. पास झाली तर करेल असं नाही, करणार आहे.

दादाचं म्हणणं वेगळं. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. माझं नाव निघालं की त्याला विनोद सुचतात. या वयात पाटी-पेन्सिल घेतलीस, आता दुधाचे दातही परत येतील. मी त्याला उलट बोलायचे, तो हसायचा, आणि आई फोन माझ्या हातातून काढून घ्यायची. पण रात्र रात्र जागून वाचायला जी जिद्द लागते तिच्यातली निम्मी त्याच्या त्या हसण्याने पुरवली, हे मी आज कबूल करते.

तयारीसाठी लावलेल्या क्लासच्या सरांनी पहिल्याच दिवशी परीक्षेची मेख सांगितली होती. प्रत्येक भाग आधीच्या भागावर ठरतो. आधीचा चांगला लिहिलात तर पुढचा अवघड येतो. "अवघड आला की मनात पेढे वाटा," सर म्हणायचे, "आणि सोपा आला की समजा, बुडालात." दुसरी गोष्ट मी स्वतः माहितीपुस्तिकेत वाचली होती. पेपर संपल्यावर, गुण दिसायच्या आधी, संगणक विचारतो: गुण नोंदवायचे की रद्द करायचे? रद्द केले तर ते कुणालाच दिसत नाहीत आणि ती संधी वापरली असं धरत नाहीत. पुस्तिकेचं आठवं पान. ते पान मला तोंडपाठ होतं. कारण मी ते पहिल्या वर्षी वाचलं, दुसऱ्या वर्षी वाचलं, आणि तिसऱ्या वर्षी तीच जुनी पुस्तिका काढून पुन्हा वाचलं. एकच गोष्ट तीनदा वाचणं आणि तीन गोष्टी वाचणं यात काय फरक असतो, ते मला त्या वेळी कोणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

परीक्षेचं केंद्र एका व्यापारी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होतं. खाली फर्निचरचं दुकान, वर आम्ही. दाराशी पर्यवेक्षक बाईंनी खिसे उलटे करायला लावले, चष्मा काढून काड्या तपासल्या, बोटाचा ठसा घेतला. ओळखपत्रावरचा माझा फोटो त्यांनी दोनदा बघितला. मला त्यांच्याविषयी लगेच आदर वाटला. सामान कपाटात, किल्ली मनगटाला, हातात दोन पेन्सिली आणि कच्च्या कामाचे चार कोरे कागद. प्रत्येकाला लाकडी फळ्यांमधली एक खोपटी, त्यात संगणक. पडद्यावर आधी सूचना आल्या. एक पान भरून होत्या, आणि खाली चौकट: मी सूचना वाचल्या आहेत.

मी त्या वाचल्या नाहीत. नळीवरचं नाव आणि कागदावरचं नाव जुळलं तरी तिसऱ्यांदा बघणारी मी, मी त्या वाचल्या नाहीत. मला त्या येत होत्या ना. डोकं ताजं ठेवावं, नको तिथे डोळे शिणवू नयेत, असा शहाणपणा सुचला. चौकटीत खूण केली आणि पुढे गेले.

पहिला भाग बरा गेला. दुसरा त्याहून अवघड आला, आणि मला सरांचे पेढे आठवले. तिसरा आला तो जीव काढणारा. सात माणसं, सात खुर्च्या, हा त्याच्या शेजारी नाही, तो दाराकडे तोंड करून बसत नाही. कागद भरले, पेन्सिलीचं टोक मोडलं, दोन उत्तरं अंदाजाने दिली, पण दोनच. बाकीची मी पडताळली होती. छाती धडधडत होती आणि त्या धडधडीत आनंद होता, तो मला अजून आठवतो. आता चौथा याहून भयंकर येऊ दे, असं मी मनात म्हणाले.

चौथा आला तो बालवाडीचा. एका टोपलीत बारा फळं, त्यातली तीन काढली तर उरली किती, अगदी असं नाही, पण त्याच घरातलं. मी पहिला प्रश्न चारदा वाचला, त्यात काही खोच असेल म्हणून. खोच नव्हती. दुसऱ्यात नव्हती. पाचव्या प्रश्नापर्यंत माझ्या तोंडचं पाणी पळालं. याचा अर्थ एकच होता. तिसऱ्या भागात मी पार बुडाले होते. जी उत्तरं पडताळली ती चुकली होती. मला चुकताना कळलंही नव्हतं. सोपी उत्तरं मी एकामागून एक भरत गेले आणि प्रत्येक सोप्या उत्तराबरोबर आणखी खाली गेले.

मग पडद्यावर तो प्रश्न आला. गुण नोंदवायचे की रद्द करायचे? कोपऱ्यात दोन मिनिटं उलटी मोजायला लागली.

मी घाबरून काही केलं नाही, हे मला सांगायचं आहे. लोकांना वाटेल घाबरले. उलट तो प्रश्न बघून मी एकदम शांत झाले, कारण असा निर्णय मी आठवड्यातून चारदा घेते. नमुना खराब आहे. यातून निघणारा आकडा खरा नसणार. आकडा लिहायचा नाही. बाद करायचं, नवीन मागवायचं. नोंदवले तर तिसरी संधी गेली ती गेली. रद्द केले तर पुढच्या वर्षी पुन्हा बसता येईल. मी 'रद्द' दाबलं. नक्की का, असं त्याने विचारलं. मी पुन्हा दाबलं. एक मिनिट दहा सेकंद शिल्लक होती.

बाहेर पर्यवेक्षक बाईंनी छापील चिठ्ठी दिली. त्यावर माझा क्रमांक होता, तारीख होती, आणि खाली तीन ओळी. गुण: रद्द. वापरलेल्या संधी: तीन. शिल्लक संधी: शून्य.

मी त्यांना सांगितलं की यात चूक आहे, रद्द केलेली संधी मोजत नाहीत. त्यांनी मान हलवली. हे मागच्या वर्षीपर्यंत होतं, त्या म्हणाल्या; लोक वाटेल तितक्या वेळा रद्द करायचे म्हणून या वर्षीपासून तीही मोजतात. पहिल्याच पानावर लिहिलं होतं. मी मुख्य कार्यालयाला विचारा म्हटलं. त्यांनी खरोखर फोन लावला, माझ्यासमोर, आणि माझी बाजू चांगली मांडली. पलीकडच्याने एकच विचारलं, ते मलाही ऐकू आलं: सूचना वाचल्याची खूण केली आहे का? बाईंनी संगणकात बघितलं. केली आहे, त्या म्हणाल्या. तरी गुण तेवढे सांगा, मी म्हणाले, प्रवेशासाठी नको, नुसते मला कळावेत म्हणून. पलीकडून उत्तर आलं की रद्द केलेला पेपर तपासला जातच नाही, उत्तरं तिथल्या तिथे पुसली जातात. बाईंनी फोन ठेवला आणि मला पाणी हवं का विचारलं. नको म्हटलं.

जिन्यात एक शाळामास्तर भेटले. माझ्या शेजारच्या खोपटीत होते; सकाळी रांगेत त्यांनीच सांगितलं होतं की ते भूगोल शिकवतात. ते पायरीवर बसून मनगटावर घड्याळ बांधत होते आणि पेपर संपल्याच्या खुशीत होते.

"चौथ्या भागात तर मी डुलकीच काढली," ते म्हणाले. "काय करायचं लिहून? मोजणारच नव्हते."

मी म्हटलं, म्हणजे काय?

"अहो, पहिल्या पानावर होतं की. या वर्षीपासून चौथा भाग नुसता चाचणीसाठी, नवीन प्रश्न तपासायला. सगळ्यांना सारखाच, गुण नाहीत. खरा पेपर तीनच भागांचा." मग त्यांनी घड्याळाचा पट्टा लावला आणि माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला तिसरा कसा आला हो? मला तर सोपा आला. माझं काही खरं नाही."

"अवघड आला, सात खुर्च्यांचा," मी म्हणाले.

"सात खुर्च्यांचा? मग काय, झालं तुमचं काम. अभिनंदन."

त्यांनी हात पुढे केला आणि मी तो हातात घेतला. त्यांना सांगण्यात काही अर्थ नव्हता. फर्निचरच्या दुकानासमोर विक्रेत्याने एक खुर्ची बाहेर मांडली होती, तिच्यावर मी बसले. त्याने घ्यायची आहे का विचारलं. नाही म्हटलं तरी त्याने उठवलं नाही. माझा चेहरा तसा असणार. तिथे बसून मी जेवढं रडायचं तेवढं रडले. नापास झाले असते तर निदान नापास तरी असते. एकशे एकोणसाठ पडले असते तरी ते माझे एकशे एकोणसाठ असते. रडायला एक आकडा असता. आता माझ्याकडे तोही नव्हता. अति तिथे माती म्हणतात. माझ्या सावधपणाची माती झाली होती आणि ती मी स्वतःच्या हाताने, शांतपणे, दोनदा बटण दाबून केली होती. नर्सेसना कळलं तर त्या हसतील असं वाटलं. मग वाटलं, हसणार नाहीत, आणि ते जास्त वाईट वाटलं.

घरी पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. आईने दार उघडलं आणि माझ्याकडे बघितलं. टेबलाशी बसवलं, ताट वाढलं. मी जेवले नाही. सगळं पहिल्यापासून सांगितलं, पहिलं पान, चौथा भाग, चिठ्ठी, मास्तर. चिठ्ठी तिने हातात घेऊन वाचली, सावकाश, ओळीखाली बोट धरून.

"मग पास झाली असतीस का?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही, आई. पेपर तपासलाच नाही. मीच तपासू नका म्हटलं."

तिने चिठ्ठी टेबलावर ठेवली. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. दोन वर्षं दुखऱ्या गुडघ्यांवर उभी राहिलेली बाई, तिचा तो हक्कच होता. पण ती नुसती भिंतीकडे बघत बसली, आणि मला पहिल्यांदाच ती म्हातारी दिसली. मग म्हणाली, "आपण नापास झाली म्हणून सांगू. नापास म्हटलं की लोकांना कळतं. हे असलं सांगत बसलीस तर वेड्यात काढतील."

"मी नापास झालेले नाही."

"मग काय झालीस?" आई म्हणाली. टोमणा म्हणून नाही, खरंच विचारलं.

तेवढ्यात दादाचा फोन आला. आज परीक्षा हे त्याला माहीत होतं. आईने उचलला आणि त्याने काही विचारायच्या आत सांगून टाकलं, नापास झाली. पलीकडे तो काहीतरी बोलला, तिने दोनदा हूं केलं, आणि फोन माझ्यापुढे धरला. मी नको म्हणून मान हलवली. तिने तो माझ्या हातात कोंबला आणि उठून पाठमोरी उभी राहिली.

मी विनोदाची वाट बघत होते. माझ्याजवळ उत्तरही तयार होतं. कधी नव्हे ते मला त्याचं हसणं हवं होतं.

"मनाला लावून घेऊ नकोस गं," दादा म्हणाला. आवाज इतका हळू की मला फोन कानाला दाबावा लागला. "मी थट्टा करायचो, ते सोड. तू कष्टात कमी पडली नाहीस, मी बघितलंय. सगळ्यांनाच जमतं असं नाही. आपल्या डोक्याची झेप तेवढीच, त्याला तू तरी काय करणार?"

इतक्या मायेने तो माझ्याशी बाबा गेले त्या दिवशी बोलला होता. मला सांगायचं होतं, दादा, मला तिसरा अवघड आला. सात खुर्च्यांचा आला. ज्यांना झेप नसते त्यांना तो येत नाही. पण ते दाखवायला माझ्याकडे होतं काय? एक चिठ्ठी, तिच्यावर शून्य. तोंड उघडलं असतं तर त्याला वाटलं असतं, बिचारी, अजून मान्य करत नाही. आणि त्याने आणखी मायेने समजावलं असतं.

"ऐकतेस ना?" तो म्हणाला.

"हो दादा."

"चांगलंच झालं एका परीने. आता संध्याकाळी मोकळीच असशील, तर आईला घेऊन येत जा इकडे."

मी म्हटलं, येत जाईन.